फेब्रुवारीत येणारी डीएक्सएफ एप्रिलमध्ये का गायब होते

नागपुरात कूलरचं काम संक्रांतीनंतर सुरू होतं आणि नवतपा संपेपर्यंत डोकं वर काढू देत नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही तिघं कूलरचे कंट्रोल बोर्ड करतो. पंख्याचा वेग, पंप चालू-बंद, रिमोटचा रिसीव्हर, दोन आकडी डिस्प्ले, एवढंच काम. हा बोर्ड पत्र्याच्या एका प्लेटमागे बसतो आणि ती प्लेट दुसरीकडे, फॅब्रिकेटरकडे कापली जाते. तो ऑटोकॅडमध्ये प्लेट काढून डीएक्सएफ, म्हणजे ड्रॉइंगची फाइल, पाठवतो. मी ती कायकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो आणि तिच्या भोकांवरून बोर्डाची कड, स्क्रूच्या जागा, डिस्प्लेची खिडकी ठरवतो. प्रत्येक कूलरवाल्याची प्लेट निराळी, त्यामुळे दर ऑर्डरीला नवी फाइल.

तीन हंगाम मला एक विचित्र दुखणं होतं. फेब्रुवारीत फायली बिनबोभाट यायच्या. मार्चअखेरीपासून कटकट सुरू व्हायची. इम्पोर्टमध्ये ओके म्हटलं की पडद्यावर काही नाही. झूम-फिट केलं की एका कोपऱ्यात ठिपका. एकदा तर एकच रेघ कागदाच्या या टोकापासून पार दिसेनाशी होईपर्यंत आडवी गेलेली. मित्राच्या मशीनवर वेगळी आवृत्ती होती, तिथे ड्रॉइंग फार मोठं असल्याची तक्रार आली. फार मोठं? प्लेट १८० बाय ११० मिमी, वहीच्या पानाएवढी. फाइल ३४ केबी.

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदलला. इम्पोर्टच्या खिडकीत स्केल ०.१ केलं, तेव्हा काहीतरी आलं, पण दहापट लहान आणि कुठल्या कुठे. फॅब्रिकेटरला पीडीएफ मागितली आणि तिच्यावरून डीएक्सएफ करून घेतली, तर गोल भोकांचे बारीक रेघांचे बहुकोन झाले आणि मापाचा पत्ता नाही. शेवटी प्लेट हातानेच मोजून काढायला लागलो. त्यात एकदा डिस्प्लेची खिडकी २ मिमी सरकली आणि साठ प्लेटा कानस मारून बसवाव्या लागल्या, तेही ४५ अंशांत, पत्र्याच्या छपराखाली. दोष सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला दिला, कारण ती नेमकी त्याच सुमाराला टाकली होती. पुढच्या जानेवारीत सगळं आपोआप बरं झालं, म्हणून तो संशय पक्काच झाला.

उत्तर सापडलं नोटपॅडमध्ये.

फाइल उघडून वाचा

डीएक्सएफ हा ऑटोडेस्कने १९८२ साली ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आणलेला प्रकार. बहुतेक वेळा ती साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत कोड, पुढच्या ओळीत किंमत, पुन्हा कोड, पुन्हा किंमत, अशी जोडीजोडीने खाली उतरणारी यादी. कोड १० म्हणजे एक्स, २० म्हणजे वाय, ३० म्हणजे झेड. एवढं माहीत असलं की पुरे.

अडलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि एन्टिटीज (ENTITIES) हा शब्द शोधा. खरी रेखाटणं तिथून पुढे असतात. माझ्या फायलीत पहिलीच पॉलिलाइन, म्हणजे जोडलेल्या रेघांची साखळी, प्लेटची बाहेरची कड होती. कोड १० खाली आकडा होता २३७०.०. कोड २० खाली ९०.०. पुढचा कोपरा २५५०.०, ९०.०. मग २५५०.०, २००.०. शेवटी २३७०.०, २००.०.

वजाबाकी करा: रुंदी १८०, उंची ११०. माप अगदी बरोबर. पण ही प्लेट शून्यापासून उजवीकडे २ मीटर ३७ सेंटिमीटरवर जाऊन बसली होती.

वर हेडरमध्ये एक्स्टमिन आणि एक्स्टमॅक्स असे दोन आकडेही सापडतात, ड्रॉइंगच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचे. ते बघा, पण त्यांच्यावर विसंबू नका. मोठ्या ड्रॉइंगमधून थोडाच भाग निवडून पाठवला असेल तर तिथे अख्ख्या ड्रॉइंगचा आकडा राहिलेला असू शकतो. रिकाम्या ड्रॉइंगमध्ये तर तिथे एकावर वीस शून्यं दिसतात आणि माणूस घाबरतो. रेखाटणांमधले आकडे खोटं बोलत नाहीत.

मी फॅब्रिकेटरला फोन लावला. म्हटलं, भाऊ, ही प्लेट तुम्ही शून्यावर का काढत नाही?

"कोणता शून्य?"

मग त्याने सांगितलं. जानेवारीत तो एक नवी फाइल उघडतो. त्यात पहिल्या ऑर्डरीची प्लेट, भोवती ए-३ ची चौकट, खाली नाव-तारखेचा रकाना. दुसरी ऑर्डर आली की सगळं उचलून ४५० मिमी उजवीकडे कॉपी मारायचं आणि त्यात बदल करायचे. "मागची बाजूलेच दिसते नं दादा, चुका होत नाहीत. सोपं पडते." पाठवताना मात्र तो तेवढी एकच प्लेट आणि तिची चौकट निवडून डीएक्सएफ करतो. म्हणून माझ्याकडे फाइल लहान, प्लेट एक, दिसायला सगळं साजूक.

कायकॅडची हद्द शून्यापासून साधारण २१४७ मिमी, ती कुठून येते ते पुढे सांगतो. आता पाढा म्हणून बघा. पहिली चौकट ०, दुसरी ४५०, तिसरी ९००, चौथी १३५०, पाचवी १८००, सहावी २२५०. पहिल्या चार निर्धास्त. प्लेट चौकटीच्या डाव्या कडेपासून १२० मिमी आत असते. पाचवीची प्लेट १९२० ते २१०० मध्ये, म्हणून ती आली, पण चौकट २२२० पर्यंत जाते आणि तिची उजवी बाजू बिघडलेली दिसायची. चौकट मला तशीही पुसायचीच असायची, म्हणून मी तिकडे कधी लक्षच दिलं नाही. सहावीपासून सगळंच हद्दीबाहेर. आणि सहावी ऑर्डर साधारण मार्चअखेरीला येते.

हद्द कुठून येते

कायकॅडचा बोर्ड एडिटर आतून प्रत्येक माप नॅनोमीटरमध्ये ठेवतो, आणि तेही दशांश नसलेल्या ३२ बिटांच्या आकड्यात. त्यातला एक बिट अधिक-वजा चिन्हात जातो. उरलेल्या ३१ बिटांत मोठ्यात मोठा आकडा बसतो २,१४,७४,८३,६४७. नॅनोमीटरचे मिलिमीटर केले की २१४७ मिमी आणि वर थोडं. आपल्याकडची सात फुटी दाराची चौकट २१३४ मिमी भरते. शून्यावर उभं राहून हात कुठल्याही दिशेला लांबवला तर एका दाराएवढंच पोचता येतं, असं धरून चाला. डावीकडे तेवढंच, उजवीकडे तेवढंच, म्हणून कायकॅडच्या कागदपत्रांत बोर्डाची कमाल सीमा अंदाजे ४ मीटर बाय ४ मीटर दिलेली आहे. आपण ते ४ मीटर वाचतो आणि म्हणतो, माझी प्लेट तर १८० मिमीची! ही हद्द वस्तूच्या मापाला नसून वस्तूच्या पत्त्याला आहे, हे त्या वाक्यातून पटकन कळत नाही.

ऑटोकॅडला हा त्रास का नाही? तो आकडे ६४ बिटी दशांशात ठेवतो. तिथे प्लेट कामठीत ठेवली काय आणि कळमेश्वरात ठेवली काय, त्याला फरक पडत नाही. म्हणून पाठवणाऱ्याला कधी समजतच नाही की आपण काही वावगं केलंय. घेणाऱ्याच्या बाजूला मात्र २३७० मिमीचा पत्ता त्या ३१ बिटांत मावत नाही. मग कुठल्या आवृत्तीत इशारा येतो, कुठे आकडा छाटला जातो, कुठे तो गुंडाळून वजा बाजूला फेकला जातो. माझ्या त्या आडव्या रेघेचं कूळ बहुधा हेच.

ऑल्टियम हे बोर्डाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हसू नये. त्यांचं बोर्डाचं अंगण १०० इंच बाय १०० इंच आहे, म्हणजे २५४० मिमी. माझी सहावी प्लेट २५५० पर्यंत जाते, म्हणजे हिशेबाने तिथेही १० मिमीने बाहेरच.

दुरुस्ती: शून्य प्लेटच्या कोपऱ्यात आणा

पाठवणाऱ्याकडे ऑटोकॅड असेल तर सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे डब्ल्यूब्लॉक ही कमांड. तिच्या खिडकीत निवडलेल्या वस्तू, बेस पॉइंट आणि युनिट अशा तीन गोष्टी विचारल्या जातात. बेस पॉइंट म्हणून प्लेटचा खालचा डावा कोपरा स्नॅप लावून टिचकवायचा, युनिट मिलिमीटर. नवी फाइल तयार होते आणि तिच्यात तो कोपराच शून्य असतो. ती उघडून डीएक्सएफ म्हणून सेव्ह करायची. मूळ फाइल जशीच्या तशी राहते, त्यामुळे त्याच्या कॉपी मारण्याच्या सवयीलाही धक्का नाही. मला हा उपाय यासाठीच आवडतो. कारागिराची पद्धत बदलायला गेलं तर तो हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी आपलंच करतो.

मूव्ह वापरत असाल तर एक खड्डा आहे, त्यात मी पडलो होतो. सगळं निवडलं, कोपरा पकडला, दुसऱ्या बिंदूसाठी ०,० टाइप केलं, एंटर. प्लेट जागची हलली नाही. ऑटोकॅडमध्ये डायनॅमिक इनपुट चालू असेल तर दुसरा बिंदू तो सापेक्ष धरतो. ०,० म्हणजे शून्य सरक, म्हणजे आहे तिथेच राहा! आकड्याआधी # लावायचं: #०,०. मग तो खरा शून्य धरतो.

ऑटोकॅड नसेल तर लिब्रेकॅड फुकट आहे आणि एवढ्या कामाला भरपूर झालं. कंट्रोल-ए, मॉडिफायमध्ये मूव्ह-कॉपी, एंडपॉइंटचा स्नॅप लावून कोपरा टिचकवायचा, खाली कमांडच्या जागी ०,० लिहून एंटर. इथे # नको, साधा ०,० म्हणजे खरा शून्यच. सापेक्षासाठी इथे @ लावतात. विचारलं तर मूळ पुसायचं, नाहीतर एक प्रत शून्यावर आणि एक प्रत जुन्या जागी राहते. मग एवढा उपद्व्याप करूनही तीच रडकथा.

कंट्रोल-ए केल्यावर किती वस्तू निवडल्या गेल्या तो आकडाही बघून घ्या. प्लेटीवर सहा भोकं आणि चार कडा असताना तो ४१ म्हणत असेल तर कुठेतरी दूर काहीतरी पडलेलं आहे. झूम-फिटला ठिपका दिसण्याचं हे दुसरं कारण: प्लेट शून्यावरच असते, पण शंभर मीटरवर कोणीतरी टिचकी मारताना सोडलेला एखादा बिंदू किंवा रिकामा मजकूर असतो. आधी प्लेट निवडायची, निवड उलटी करायची, डिलीट.

एककाचं भूत

तिसरं कारण जास्त ओळखीचं आहे, पण त्याची जोड या हद्दीशी कशी लागते ते कोणी सांगत नाही. फायलीच्या हेडरमध्ये इन्सयुनिट्स नावाची एक किंमत असते. १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर, ० म्हणजे काहीच ठरलेलं नाही. मिलिमीटरमध्ये काढलेल्या ड्रॉइंगवर १ चा शिक्का बसला असेल तर प्रत्येक आकडा २५.४ पट होतो. १८० मिमीची प्लेट ४५७२ मिमीची.

आता हद्द मध्ये आणा. २१४७ ला २५.४ ने भागा. साडेचौऱ्याऐंशी. म्हणजे एकक चुकून इंच लागलं असेल तर शून्यापासून ८४ मिमीच्या पुढचं सगळं कायकॅडच्या बाहेर पडतं. ऑल्टियममध्ये हा आकडा बरोबर १०० वर येतो. म्हणून लहान बोर्ड असणाऱ्यांना नुसता मोठा बोर्ड दिसतो आणि ते लगेच म्हणतात, अरे, इंच लागलं. आमच्यासारख्यांना काहीच दिसत नाही, आणि आम्ही ड्रायव्हर बदलत बसतो. दुखणं एकच, लक्षणं दोन.

०.१ स्केल करून बघणाऱ्यांसाठी: इंचाचं भूत ०.०३९३७ ने उतरतं, ०.१ ने नाही. आणि ते इम्पोर्टमध्ये उतरवण्यापेक्षा फायलीतच युनिट नीट करून घ्या, कारण पुढच्या वेळी कोणती फाइल कोणत्या स्केलने घेतली होती हे कोणालाच आठवत नाही.

आर-१२ मध्ये, म्हणजे डीएक्सएफच्या जुन्या आवृत्तीत, सेव्ह कर, सगळं येतं, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. बर्डीवर कुठल्याही कॅडवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. त्यात तथ्य आहे. १९९२ चा तो साधासुधा प्रकार, त्यात स्प्लाइन नसतात, लंबवर्तुळं नसतात, सगळ्याच्या पॉलिलाइन होतात, म्हणून घेणारं सॉफ्टवेअर अडत नाही. पण इन्सयुनिट्सही त्यात नसतं. मग कायकॅड इम्पोर्टच्या खिडकीत निवडलेलं डीएक्सएफचं डिफॉल्ट युनिट लावतो. तिथे मागच्या कामाचं इंच राहिलं असेल तर झालं. आर-१२ घेणार असाल तर ओके करण्याआधी त्या रकान्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचा. मी वाचतो.

मेट्रोच्या नकाशाचा शून्य समुद्रात

गेल्या पावसाळ्यात एका इंजिनीअरिंग कॉलेजचा मुलगा आला. त्याला नागपूर मेट्रोचा नकाशा बोर्डावर हवा होता. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाइन, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही अ‍ॅक्वा लाइन, दोन्ही सीताबर्डीला भेटतात. प्रत्येक स्टेशनाच्या जागी एक एलईडी. कल्पना झकास. त्याने क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून मार्गाची डीएक्सएफ काढली होती आणि ती काही केल्या येत नव्हती. "सर, स्केल तं सगळे करून पाहिले. ०.०१ बी केलं."

फाइल उघडली. पहिला एक्स तीन लाखांवर, वाय तेवीस लाखांवर. हे यूटीएम पद्धतीचे मीटर, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागेचा पत्ता मीटरमध्ये देणारी पद्धत. नागपूर ४४ व्या पट्ट्यात येतं. तिथे उत्तरेकडचं अंतर विषुववृत्तापासून मोजतात, आणि पूर्वेकडचं ८१ अंश रेखांशाला ५,००,००० धरून. शहराच्या मध्याचा पत्ता निघतो साधारण ३,०१,७०० आणि २३,३९,९००. म्हणजे शून्य मैलाच्या दगडापासून दोन स्टेशनांवर राहणाऱ्या या पोराच्या नकाशाचा शून्य विषुववृत्तावर, हिंदी महासागरात! मला इतकं हसू आलं की चहा सांडला.

त्याचं ०.०१ चुकीचं नव्हतं. एक युनिट म्हणजे एक मिलिमीटर धरलं तर २० किलोमीटरचा मार्ग २०,००० मिमी होतो, ०.०१ ने तो २०० मिमी. बोर्डाला बरोबर माप. पण स्केल पत्त्यालाही लागतं. २३,३९,९०० चे झाले २३,३९९ मिमी, म्हणजे सव्वातेवीस मीटरच्याही पुढे. नकाशा लहान झाला, तरी हद्दीच्या दहापट बाहेरच राहिला. आधी हलवायचं, मग लहान करायचं. लिब्रेकॅडमध्ये सीताबर्डीचा बिंदू पकडून शून्यावर आणला, मग शून्याभोवती ०.०१ स्केल. पाच मिनिटांत नकाशा कायकॅडमध्ये.

अशा लांबच्या पत्त्यांचा आणखी एक त्रास असतो. पडदा रंगवणारं ग्राफिक कार्ड पुष्कळदा ३२ बिटी दशांशात हिशेब करतं. तेवीस लाखांच्या आसपास त्या दशांशाची पायरी ०.२५ ची होते, मधलं काही त्याला दिसतच नाही. म्हणून नकाशात आत झूम केलं की रेघा थरथरतात, वळणं दातेरी दिसतात. फाइल बिघडलेली नसते. शून्य जवळ आणा, थरथर थांबते.

उरलेली किरकोळ दुखणी

कधीकधी फाइल खरोखरच जड असते. हॅच, सावली, बोल्टचे तयार ब्लॉक, कंपनीचं बोधचिन्ह. हॅच पुसा, ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल चालवून एकावर एक पडलेल्या रेघा काढा, पर्ज करा. बोधचिन्ह वेगळं घ्या. एका कूलरवाल्याच्या मोराच्या चिन्हात अकरा हजार तुकडे होते, निव्वळ पिसाऱ्याचे. बोर्डाची तपासणी लावली की जेवून यावं. मोर इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सोपा केला, एसव्हीजी म्हणून घेतला. तिथेही एक जुनी खोड आहे: ०.९२ च्या आधीचं इंकस्केप इंचाला ९० पिक्सेल धरायचं, नंतरचं ९६. जुनी फाइल असेल तर चिन्ह साधारण साडेसहा टक्क्यांनी लहान-मोठं होतं. मोराला चालतं, स्क्रूच्या भोकाला चालत नाही.

इगल या बोर्डाच्या आणखी एका सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत अडकलात तर ती वेगळीच हद्द. तिथे बोर्डाचं क्षेत्रफळच ८० चौरस सेंटिमीटरवर बांधलेलं आहे. माझी १८० बाय ११० ची प्लेट १९८ चौरस सेंटिमीटर भरते, तिला कितीही हलवा, बसणार नाही. शिवाय इगल ७ जून २०२६ पर्यंतच, असं ऑटोडेस्कने २०२३ मध्येच जाहीर केलेलं आहे, त्यामुळे नवं काम तिथे सुरू करण्यात अर्थ नाही.

प्लेट एकदाची आली की लगेच बोर्डाच्या कडेच्या लेयरवर टाकू नका. मी ती आधी एका रिकाम्या युजर लेयरवर घेतो आणि मोजपट्टीने दोन मापं घेतो: एक स्क्रूच्या भोकाचा व्यास, एक दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर. भोक ३.२ आहे का, अंतर १६० आहे का. व्यास बरोबर आणि अंतर चूक असं होऊ शकत नाही. झालं तर फॅब्रिकेटरने भोक हलवलंय आणि सांगितलेलं नाही. हेही झालेलं आहे. मापं जुळली की फक्त बाहेरची कड उचलून कडेच्या लेयरवर न्यायची. कोपऱ्यांत मायक्रॉनची फट राहिली तरी तपासणीत कड बंद नाही अशी चूक येते. तेव्हा इम्पोर्ट पुन्हा करायची गरज नसते, त्या दोन रेघांची टोकं एकमेकांवर ओढून आणली की झालं.

फॅब्रिकेटरला मी आता दर जानेवारीत एकच निरोप पाठवतो: प्लेटचा खालचा डावा कोपरा ०,० वर, युनिट मिलिमीटर, चौकट आणि रकाना नको, मापांच्या रेघा नकोत. सोबत डब्ल्यूब्लॉकच्या खिडकीचा फोटो, लाल बाण काढून.

यंदा त्याने तो निरोप मनावर घेतला. पहिल्या तिन्ही फायली मी न उघडताच इम्पोर्ट केल्या, सुरळीत आल्या. पाचवी आली तेव्हा सवयीने नोटपॅडमध्ये पाहिली. एक्स शून्य. वाय १२८०.

फोन केला. "दादा, तुमी म्हटलं नं उजवीकडे नाही न्यायचं. म्हणून मी आता वर कॉपी मारतो."

३२० ची उडी आहे. अजून दोन ऑर्डरी निघतील.